उडावयास तयार



बाजारांत मिळणाऱ्या पुष्कळ वस्तूंच्या वेष्टनावर ‘तयार’ हा शब्द छापलेला असतो. तयार मसाला, तयार कपडे, तयार पीठ. मसाल्याच्या बाबतींत या शब्दानें फारशी फसगत होत नाहीं. पुडी फोडावी आणि आमटींत घालावी. परंतु 2010 सालानंतर ‘उडावयास तयार’ असें लिहिलेल्या पेट्या घरोघर येऊं लागल्या आणि त्या शब्दाचा अर्थ अधिक बारकाईनें लावण्याची वेळ आली. या पेटींत चार पंखांचें आणि पोटाशीं कॅमेरा बांधतां येईल असें लहानसें विमान असतें. त्याला सर्वत्र ड्रोन म्हणतात. 2010 सालीं फ्रान्समधील पॅरट कंपनीनें मोबाइलवरून चालणारा ड्रोन विकावयास काढला. 2013 च्या आरंभीं चीनमधील शेंझेन शहरांतील डीजेआय कंपनीचा फँटम आला. त्यापूर्वीं हौशी मनुष्याला सांगाडा, मोटरी, तारा हें सारें स्वतः जुळवावें लागे, आणि त्या खटाटोपांत त्याला यंत्राची नाडी आपोआप कळे. आतां पंखे पिळून बसविले आणि बॅटरी भरली कीं यंत्र तयार. यंत्र तयार असतें हें खरें. उडविणारा तयार आहे कीं नाहीं, हें मात्र पेटीवर छापलेलें नसतें. एका हौशी गृहस्थांना ही गोष्ट पहिल्या चार महिन्यांत कशी कळली, त्याची ही हकीकत आहे.

हे गृहस्थ वाई येथें एका बँकेंत हिशेबनीस होते. वय शेचाळीस, छायाचित्रणाचा नाद लहानपणापासूनचा. त्यांचें मूळ गांव वाईपासून दोन कोसांवर, कृष्णाकांठीं. गांवामागें दीडदोनशें फूट उंचीची एक टेकडी होती आणि तिच्या माथ्यावर देवीचें लहानसें देऊळ होतें. देवळाच्या कट्ट्यावर उभें राहिलें कीं नदीचें वळण, दोन्ही तीरांवरचीं शेतें आणि घरांचीं कौलें एका दृष्टिक्षेपांत दिसत. गृहस्थांच्या मातोश्री लग्न होऊन या गांवीं आल्या, त्या वर्षीं सासूबाईंनीं त्यांना तेथें नेऊन सारा गांव दाखविला होता. त्या प्रसंगाचें वर्णन त्या नातवंडांना वारंवार ऐकवीत. परंतु नातवंडांना तें दृश्य पाहतां येण्यासारखें राहिलें नव्हतें. टेकडीचा माथा खडीसाठीं फोडून नेण्यांत आला होता आणि देवीची मूर्ति गांवांत आणून बसविली होती. जेथें कट्टा होता, तेथें आतां नुसती हवा होती.

त्या हवेंत कॅमेरा उभा करतां आला तर? या एका विचारानें गृहस्थांनीं 2014 च्या जानेवारींत शिल्लक मोडून ड्रोन घेतला.

पहिलें उड्डाण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीं, ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानांत झालें. ते भीत भीतच गेले होते. पण भय अनाठायीं ठरलें. डाव्या हाताची दांडी पुढें सारतांच यंत्र सरळ वर गेलें आणि बारा फुटांवर दोन्ही दांड्या सोडतांच आकाशांत खिळा ठोकून टांगावें तसें स्थिर राहिलें. वाऱ्याची झुळूक आली तर किंचित कलावें आणि पुन्हां मूळ जागीं यावें. पंधरा मिनिटांत गृहस्थांना वाटलें कीं, ही विद्या आपल्याला आली.

येथें यंत्राची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. चार पंख्यांपैकीं दोन उजवीकडून आणि दोन डावीकडून फिरतात, म्हणून एकाच्या फिरण्याचा पीळ दुसरा नाहींसा करतो. मागच्या दोन पंख्यांचा वेग वाढला कीं यंत्र पुढें कलतें आणि पुढें जातें. यंत्र कोणत्या बाजूस कललें हें आंतील सूक्ष्म मापकें सेकंदाला शेंकडों वेळां पाहतात आणि त्याप्रमाणें चारही मोटरींचा वेग कमीजास्त केला जातो. उंची हवेच्या दाबावरून कळते, जागा उपग्रहांच्या संदेशांवरून कळते आणि तोंड कोणत्या दिशेला आहे हें होकायंत्र सांगतें. म्हणजे दांड्या सोडल्यावर यंत्र स्वस्थ उभें राहिलेलें दिसतें तें मुळींच स्वस्थ नसतें. क्षणोक्षणीं ढळत असतें आणि क्षणोक्षणीं सांवरत असतें. हें सांवरण्याचें काम दुसरा कोणी करीत आहे, याची आठवण उडविणाऱ्याला राहत नाहीं. पहिल्या दिवशीं या गृहस्थांनाही ती राहिली नाहीं.

पहिलीं चित्रें घरीं आणून त्यांनीं आईंना दाखविलीं. आईंनीं चष्मा लावून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, “अरे, घरं अशी पाण्यात हलल्यासारखी का दिसतात?” खरोखरच भिंतींच्या सरळ रेषा चित्रांत नागमोडी झाल्या होत्या. अशा कॅमेऱ्यांत सारें चित्र एका क्षणीं टिपलें जात नाहीं; वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तें एकामागून एक ओळींनीं वाचलें जातें. तेवढ्या अल्प काळांत कॅमेरा थरथरला कीं प्रत्येक ओळ निराळ्या जागीं पडते आणि भिंत वांकडी होते.

थरथर घालविण्यासाठीं गृहस्थ यंत्र संगणकाला जोडून बसले. यंत्रानें किती जोरानें सांवरावें याचे आंकडे तेथें शेंकड्यांत ठरवितां येतात. आंकडा फार मोठा झाला तर यंत्र भित्र्या घोड्यासारखें प्रत्येक झुळुकीला दचकतें आणि कंप पावतें. फार लहान झाला तर ढिलें पडून झोकांड्या खातें. गृहस्थांनीं एका रात्रींत चार आंकडे बदलले. दुसऱ्या दिवशीं कंप थोडा कमी झाला, पण यंत्र वाऱ्यावर डुलूं लागलें. त्यांनीं तिघे वाढविले, एक कमी केला. आतां उतरतांना यंत्र हेलकावूं लागलें. असे दोन आठवडे गेले. कोणत्या फेरबदलाचा कोणता परिणाम, हें सांगणें अशक्य झालें, कारण एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा पहिला नियमच त्यांनीं मोडला होता. शेवटीं त्यांनीं सारे आंकडे कारखान्यांतून आले होते तसे पूर्ववत् शंभरावर आणून ठेविले, एक वही घातली आणि आंकड्यांकडे न पाहतां यंत्राकडे पाहावयास सुरुवात केली.

दोष पंख्यांत होता. पहिल्याच दिवशीं उतरतांना एक पंखा ढेंकळाला घासला होता आणि त्याच्या टोंकाचा नखाएवढा टवका उडाला होता. मिनिटाला हजारों फेरे घेणाऱ्या पात्याला एवढा असमतोल पुरतो. धुण्याच्या यंत्रांत सारे ओले कपडे एका बाजूस गोळा झाले कीं तें जसें धडधडतें, तसाच हा प्रकार. त्यांनीं तो पंखा टाकून नवा घेतला. मग प्रत्येक पंखा आडव्या गुळगुळीत सळईवर तोलून पाहिला. जें पातें खालीं जाई तें जड. हलक्या पात्याच्या पाठीवर पारदर्शक चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावावयाचा आणि पंखा कोणत्याही स्थितींत स्थिर राहीपर्यंत हें करीत राहावयाचें. कॅमेरा आणि सांगाडा यांच्यामध्यें रबराच्या मऊ गोट्या असतात, त्यांपैकीं एक निसटली होती, तीही बसविली. पुढच्या उड्डाणाच्या चित्रांत भिंती सरळ आल्या. आंकडे जसेच्या तसे शंभरावर होते.

छायाचित्रणाच्या इतिहासांत अशाच फसगतीचा एक जुना दाखला आहे. 1858 सालीं पॅरिसचा नादार हा छायाचित्रकार दोरखंडानें बांधलेल्या फुग्यांतून वर गेला आणि आकाशांतून पृथ्वीचें चित्र घेण्याचा प्रयत्न करूं लागला. कांचा पुनःपुन्हां काळ्या पडत. द्रावणें बदललीं, भांडीं धुतलीं, तरी फळ नाहीं. अखेर उलगडा झाला तो असा कीं, फुग्याच्या तोंडांतून निसटणारा गंधकयुक्त वायु कांचेवरील चांदीच्या लेपाला काळें करीत होता. तोंड बंद ठेवून तो वर गेला तेव्हां चित्र उमटलें. दोष जेथें दिसतो तेथेंच तो असतो असें नाहीं, हा धडा आकाशांतून चित्रें काढणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून मिळालेला आहे.

पंख्यांचा धडा गृहस्थांना चार पैशांत मिळाला. पुढचा धडा मात्र महाग पडतां पडतां राहिला.

मार्चमधील एका रविवारीं सकाळीं त्यांनीं वाईच्या घराच्या गच्चीवर होकायंत्र जुळवून घेतलें. ही क्रिया अशी कीं, यंत्र आडवें धरून एक पूर्ण गिरकी घ्यावयाची आणि मग त्याचें तोंड जमिनीकडे करून दुसरी. या गिरक्यांवरून यंत्र आपल्या अंगच्या लोखंडाचा परिणाम ओळखून वजा करतें. पण गच्चीच्या सिमेंटांत सळयांची जाळी असते. यंत्रानें त्या सळयांनाही आपलें अंग समजून हिशेब मांडला. तो चुकीचा हिशेब घेऊन गृहस्थ गांवीं गेले. त्या दिवशीं सुटी असल्यानें रानाच्या कडेला आठ-दहा मुलें जमलीं होतीं. तीं दूर उभीं होतीं, आणि दांड्या सोडल्या कीं यंत्र उभें राहतें, हा गृहस्थांचा आतां पक्का विश्वास होता.

यंत्र वीस फुटांवर गेलें. दांड्या सोडल्या. तें उभें राहिलें नाहीं. प्रथम लहानसें वर्तुळ घेतलें, मग त्याहून मोठें, मग आणखी मोठें. कारण सोपें होतें. समजा, वाऱ्यानें यंत्र उत्तरेकडे ढकललें. उपग्रहांवरून त्याला कळतें कीं, दक्षिणेकडे परत जावयास पाहिजे. पण दक्षिण कोणती हें होकायंत्रानें सांगावयाचें. आणि होकायंत्र पंचेचाळीस अंशांनीं चुकलें असेल तर यंत्र नैर्ऋत्येकडे जातें. मग ती चूक दुरुस्त करावयास निघतें, तेंही चुकीच्या दिशेनें. असें प्रत्येक सांवरणें नवें ढळणें होतें आणि यंत्र आपल्या जागेभोंवतीं घिरट्या घालूं लागतें.

हें सारें पुढें कळलें. त्या क्षणीं एवढेंच दिसत होतें कीं, प्रत्येक फेऱ्याबरोबर यंत्र मुलांच्या जवळ जात आहे. गृहस्थांनीं तें डावीकडे वळवावयास दांडी डावीकडे ओढली. परंतु त्या वेळीं यंत्राचें तोंड त्यांच्याकडे होतें. समोरासमोर उभ्या असलेल्या माणसाचा डावा हात जसा आपल्या उजवीकडे येतो, तसें यंत्राचें डावें त्यांच्या उजवीकडे होतें. आणि उजवीकडे मुलें होतीं. यंत्र मोठा आवाज करीत त्यांच्या डोक्यांवरून गेलें. सर्वांत लहान मुलगा, कौतुकानें, त्याला धरावयास हात वर करून धांवला. गृहस्थांनीं ओरडून सांगितलें तें पंख्यांच्या आवाजांत कोणाला ऐकूं आलें नाहीं. मुलाच्या पुढें दहा पावलांवर बाभळीच्या झुडपांत यंत्र शिरलें आणि पाचटावर पडलें. दोन पंखे मोडले. मुलाला कांहींही झालें नाहीं. तो मोडलेला पंखा घेऊन हंसत परत आला. प्लॅस्टिकच्या त्या पात्याची कड गृहस्थांनीं अंगठ्यानें चांचपून पाहिली आणि ते बांधावर मटकन् बसले.

शेजारच्या रानाचे वृद्ध मालक हें सर्व पाहत होते. ते जवळ आले आणि म्हणाले, “भाऊ, नवा खोंड आपण पयल्यांदा मोकळ्या रानात जुपतो. बाजाराच्या दिवशी पेठंत न्हाई जुपत.” गृहस्थ म्हणाले, “बापू, ते आपोआप उभं राहतं.” म्हातारबुवांनीं बाभळीकडे पाहिलें आणि विचारलें, “आन् नाय ऱ्हायलं तर?”

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतें. उपग्रहांची मदत बंद करून यंत्र हातानें चालविण्याचा एक लहान खटका त्यांच्या हातांतील पेटीवर होता. तो दाबला असता तर घिरट्या तत्काळ थांबल्या असत्या. यंत्र सपाट राहून नुसतें वाऱ्याबरोबर हळूहळू वाहत गेलें असतें. परंतु त्या खटक्याला त्यांनीं दोन महिन्यांत एकदांही हात लावला नव्हता. दोन महिने उडत होतें तें यंत्र. ते फक्त सांगत होते.

गृहस्थांनीं घरीं येऊन वहींत तारीख घातली आणि लिहिलें कीं, मदतीवांचून उडवितां येईपर्यंत कॅमेरा बांधावयाचा नाहीं व माणसांजवळ उडवावयाचें नाहीं. नवे पंखे आले, ते तोलून बसविले. होकायंत्र लोखंडापासून दूर, उघड्या रानांत, खिशांतील किल्ल्या आणि मोबाइल बाजूस ठेवून पुन्हां जुळविलें. आणि मग रोज पहाटे, कामावर जाण्यापूर्वीं, वारा पडलेला असतांना अभ्यास सुरू झाला.

पहिला आठवडा खटका हाताच्या बाजूस ठेवून, यंत्राची पाठ आपल्याकडे करून, पुरुषभर उंचीवर नुसतें एका जागीं ठेवण्याचा. हें वाटतें त्याहून अवघड आहे. यंत्र सरकलें कीं उलट दांडी द्यावी. पण तेवढ्यानें तें थांबत नाहीं, दुसऱ्या बाजूस निघतें. म्हणून निघण्यापूर्वींच दांडी सोडावयाची संवय बोटांना लागावी लागते. दुसरा आठवडा यंत्राची कूस आपल्याकडे करून. तिसरा आठवडा तोंड आपल्याकडे करून. डावें-उजवें उलटें होण्याचा तो जुना फांस. तो सुटल्यावर चौकोन, आणि चौकोनानंतर इंग्रजी आठाचा आंकडा. प्रत्येक बॅटरी सुमारें दहा मिनिटें चाले; दहा मिनिटें संपण्याची वाट न पाहतां सातव्या मिनिटाला उतरावयाचें, असा त्यांचा नियम झाला. वारा असेल तर जातांना वाऱ्याच्या तोंडावर जावें, म्हणजे बॅटरी थकल्यावर परततांना वारा पाठीशीं असतो, हेंही ते शिकले. सरळ खालीं वेगानें उतरूं लागलें तर यंत्र आपल्याच पंख्यांनीं घुसळलेल्या हवेंत सांपडतें आणि गटांगळ्या खातें. म्हणून हळू आणि थोडें पुढें सरकत उतरवावें, हें त्यांना आतां समजलें. पूर्वीं उतरतांना येणाऱ्या हेलकाव्यांचें मूळही तेथेंच होतें. त्यासाठीं त्यांनीं आंकड्यांना उगीच दोष दिला होता. उडण्यापूर्वीं किमान सहा उपग्रह लागले आणि दिव्यानें निघण्याची जागा नोंदल्याची खूण दिली, कीं मगच पंखे सुरू करावयाचे. कारण पेटीशीं संबंध तुटल्यास यंत्र स्वतः परत येतें, पण तें नोंदलेल्या जागीं येतें. जागाच नोंदली नसेल तर त्यानें कोठें यावें?

एप्रिलच्या अखेरीस खटका कोणत्याही बाजूस असला तरी त्यांना फरक पडेनासा झाला. तेव्हां त्यांनीं कॅमेरा पुन्हां बांधला.

मेच्या पहिल्या आठवड्यांतील एका सकाळीं, खाणीवर कोणी नसतांना, त्यांनीं फुटलेल्या टेकडीच्या पायथ्याशीं यंत्र ठेविलें. बरोबर बापू होते. मुलांना घरीं बसविलें होतें. यंत्र उभ्या तुटलेल्या काळ्या कड्याच्या बाजूनें वर गेलें. कड्याजवळ उपग्रहांचें अर्धें आकाश झांकलें जातें आणि यंत्र कांहीं क्षण ढळूं लागलें. गृहस्थांनीं खटका दाबला, यंत्र हातानें सांवरून कड्यापासून दूर घेतलें आणि मोकळ्या आकाशांत आल्यावर पुन्हां उपग्रहांच्या हवालीं केलें. मार्चमध्यें हाच प्रसंग आला असता तर यंत्र कड्यावर आपटलें असतें. मग तें वर चढत चढत पूर्वीं कट्टा होता त्या उंचीवर जाऊन उभें राहिलें. नदीचें वळण, दोन्ही तीर, कौलें आणि आतां कौलांच्या मधून मधून उगवलेल्या गच्च्या, असें तेरा चित्रांत सर्व आलें.

आईंनीं संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवून एकेक घर ओळखलें. बराच वेळ त्या नदीपलीकडचें एक झाड शोधीत होत्या. तें आतां नव्हतें. शेवटीं म्हणाल्या, “सासूबाईंनी दाखवलं होतं ते हेच. घरं वाढली तेवढी.”

त्याच वर्षीं 7 ऑक्टोबर 2014 रोजीं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानें जाहीर सूचना काढून, नियम तयार होईपर्यंत खासगी व्यक्तींनीं व संस्थांनीं अशीं यंत्रें उडविण्यास बंदी केली. गृहस्थांनीं यंत्र पेटींत घालून फळीवर ठेविलें. 1 डिसेंबर 2018 पासून पहिले नियम अमलांत आले आणि ऑगस्ट 2021 मध्यें ड्रोन नियम 2021 या नांवानें अधिक सुटसुटीत नियम झाले. त्यांत यंत्रांची वजनावरून वर्गवारी आहे. आकाशाचा हिरवा, पिवळा व लाल असा नकाशा आहे आणि हिरव्या भागांत चारशें फुटांपर्यंतची मुभा आहे. ज्यांना ही हौस करावयाची असेल त्यांनीं आपल्या यंत्राची नोंदणी, त्या दिवशींचा नकाशा आणि त्या दिवशीं लागू असलेला नियम पाहूनच घराबाहेर पडावें.

परंतु नियम पाळणाऱ्यालाही बापूंच्या प्रश्नाचें उत्तर द्यावें लागतेंच. यंत्रें दिवसेंदिवस हुशार होत आहेत. आतां त्यांना समोरचें झाड दिसतें, बॅटरी संपत आली कीं तीं आपण होऊन घरीं वळतात. मदत जितकी चांगली, तितका तिच्या अभावाचा प्रसंग विरळा. आणि प्रसंग जितका विरळा, तितका माणूस त्या वेळीं गोंधळलेला. म्हणून ज्या दिवशीं नवी पेटी घरीं येईल त्या दिवशीं तिच्यावरचा ‘तयार’ हा शब्द वाचून झाल्यावर, आपण एका मोकळ्या रानांत, पहाटेच्या शांत हवेंत, कोणी जवळ नसतांना जावें. मदतीचा खटका बंद करावा. आणि यंत्र पुरुषभर उंचीवर एक मिनिट आपल्या हातानें स्थिर ठेवून पाहावें. तें साधेपर्यंत कॅमेरा घरींच राहूं द्यावा.